पंचगंगेकाठच्या धुक्यात खुराड्याला ऊब द्यावी का?

प्रयागकाठ (वडणगे)

नमस्कार. आमच्या घरामागे, उसाच्या बांधाला लागून, दहा फूट लांब आणि सहा फूट रुंद असे खुराडे आहे. कमरेइतकी विटांची भिंत, तिच्यावर जाळी आणि माथ्यावर पत्रा अशी त्याची रचना आहे. सात गावरान कोंबड्या, चार गिरिराज जातीच्या तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) आणि एक कोंबडा अशी बारा पाखरे त्यात राहतात. दिवसभर ती परसात मोकळी असतात आणि दिवेलागणीला आपणहून आत येऊन दांडीवर बसतात.

दिवाळीनंतर गारठा वाढला, तेव्हा पाखरांना थंडी बाधू नये म्हणून जाळीला चारही बाजूंनी, भिंतीपासून थेट पत्र्यापर्यंत, जाड प्लास्टिकचा कागद बांधला. आमचे घर नदीपासून फार लांब नाही. त्यामुळे डिसेंबरात पहाटे धुके उतरते आणि उन्हे वर येईपर्यंत हलत नाही. कागद बांधल्यापासून सकाळी दार उघडले की नाकाडोळ्यांना झोंबणारा वास बाहेर येतो. पत्र्याला आतून पाण्याचे थेंब लगडलेले असतात, हात लावला की ओळीने खाली घरंगळतात, आणि दांडीखालचे तूस सकाळपर्यंत ओलेचिंब झालेले असते. दोन कोंबड्या शिंकत आहेत. एका गावरान कोंबडीची मान आणि पाठ पिसे झडून ओकीबोकी झाली आहे. अंडी तर इतकी कमी झाली आहेत की घरापुरतीही पुरत नाहीत.

शेजारचे एक जण सांगतात की आत शंभर वॅटचा बल्ब रात्रभर लावावा. दुसरे सांगतात की निखाऱ्यांची शेगडी ठेवावी. सासूबाई म्हणतात की त्यांच्या काळी कोंबड्या डालग्याखाली झाकून पडवीत ठेवत असत आणि त्यांना कधी सर्दी झाल्याचे आठवत नाही. खुराड्याला ऊब द्यावी की न देता हिवाळा काढता येतो, आणि काढायचा असेल तर नेमके काय करावे, हे अनुभवी लोकांनी कृपया सांगावे.


मसाई पठार (ता. पन्हाळा)

ताई, आमच्या पठाराच्या बाजूला गारठा तुमच्याहून अधिक असतो आणि वारा तर रात्रभर थांबत नाही, तरीही आमच्या वाडीत कोणी मोठ्या कोंबड्यांना बल्ब लावत नाही. आम्ही वाऱ्याच्या बाजूला दांडीवर बसलेल्या पाखराच्या डोक्याइतक्या उंचीपर्यंत गोणपाट बांधतो आणि त्याच्या वरचा भाग मोकळा ठेवतो. शेगडी मात्र कोणत्याही परिस्थितीत आत नेऊ नका. बंद जागेत निखाऱ्यांच्या वायूने माणसेसुद्धा झोपेत दगावतात, आणि पाखरे त्या वायूला माणसांपेक्षा लवकर बळी पडतात. शिवाय खाली कोरडे तूस आणि बाजूला उसाचे पाचट असताना एक ठिणगी पुरे होते.


निवृत्त पशुधन (कोल्हापूर)

आपल्या प्रश्नातच उत्तराची खूण आहे, आणि ती म्हणजे पत्र्याला आतून धरलेले पाणी. कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश असते. दांडीवर बसताना ती पिसे फुलवते, त्यांत हवा कोंडली जाते आणि ती हवाच तिचे पांघरूण होते. पाय पोटाखाली आणि चोच पंखाखाली घेतली की उघडे अंग फारसे उरतच नाही. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे किमान तापमान साधारण १४-१५ अंशांच्या आसपास असते. थंडीची लाट आली तर ते त्याखाली उतरते, तरीही पूर्ण पिसांच्या, पोटभर खाल्लेल्या आणि कोरड्या कोंबडीला हा गारठा सहज सोसतो. मी मुद्दाम कोरड्या असे म्हटले, कारण पिसे दमट झाली की त्यांत हवा कोंडून राहत नाही आणि तेच पांघरूण निकामी होते.

आता ही ओल येते कोठून, ते पाहू. एक मोठी कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते. म्हणजे आपल्या बारा पाखरांचे मिळून जवळपास तीन लिटर झाले. त्यातला काही भाग अंड्यात जातो. उरलेला बहुतांश श्वासातून आणि विष्ठेतून बाहेर पडतो, आणि ताज्या विष्ठेचा तर सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो. रात्रभर साठलेली ही उबदार, दमट हवा वर जाऊन गार पत्र्याला लागते, तिचे पाणी होते आणि ते पुन्हा तुसावर गळते. ओल्या तुसातील विष्ठेपासून अमोनिया तयार होतो. आपल्या नाकाला झोंबणारा वास त्याचाच आहे. दार उघडल्यावर आपल्याला तो क्षणभर लागतो, पाखरे मात्र त्यात रात्रभर श्वास घेत असतात. त्याने त्यांच्या श्वासनलिकेचे आतील अस्तर खरवडल्यासारखे होते आणि सर्दीच्या जंतूंना वाट मोकळी मिळते. त्यामुळे कोंबड्यांच्या शिंकण्याचे कारण मी आधी कागदात शोधेन, थंडीत नंतर.

उपाय असा आहे. प्लास्टिक पूर्ण काढून टाकण्याची गरज नाही, पण पत्र्याखालची निदान एक फूट उंचीची पट्टी चारही बाजूंनी मोकळी करावी. आपल्याकडे हिवाळ्यात वारा बहुधा पूर्वेकडून येतो, म्हणून त्या बाजूचा कागद दांडीवरच्या पाखराच्या डोक्यापर्यंत राहू द्यावा आणि पश्चिमेची जाळी पूर्ण उघडी ठेवावी. दमट हवा डोक्यावरून निघून जावी आणि वाऱ्याचा झोत मात्र अंगावर येऊ नये, एवढाच यामागचा हेतू आहे. जाळीची भोके अर्ध्या इंचापेक्षा मोठी असतील, तर मोकळ्या केलेल्या भागाला आतून बारीक जाळी लावून घ्यावी, कारण उसाच्या कडेला मुंगूस आणि रानमांजर यांचा वावर असतोच. पत्र्यावर बाहेरून पाचटाचा किंवा नारळाच्या झावळ्यांचा थर दोरीने बांधला, तर पत्रा रात्री कमी गार होतो आणि थेंबही कमी धरतात. हाच थर उन्हाळ्यातही उपयोगी पडतो.

तुसाकडे आपण विशेष लक्ष द्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आत्ता ओले झालेले सगळे तूस उकरून उकिरड्यावर टाका, जमीन एक दिवस उन्हाच्या वेळी दार उघडे ठेवून वाळू द्या आणि मग भाताच्या गिरणीतून आणलेले कोरडे तूस चार ते सहा इंच जाडीने पसरा. भुईमुगाची टरफलेही चालतात. गुऱ्हाळावरचे चिपाड फुकट मिळते म्हणून अनेक जण वापरतात. ते पाणी चांगले शोषते, पण नीट वाळलेले नसेल तर त्याला बुरशी धरते आणि ती बुरशी पाखरांच्या फुफ्फुसात जाते, म्हणून उन्हात कडकडीत वाळवल्याशिवाय ते आत घालू नये. रोज सकाळी पाखरे बाहेर गेल्यावर दाताळ्याने तूस वर-खाली करावे. मूठभर तूस घेऊन घट्ट दाबावे. मूठ उघडल्यावर ते मोकळे झाले तर गादी ठीक आहे, आणि गोळा तसाच राहिला तर तेवढा भाग काढून टाकावा. बरेच लोक ओल्या गादीवर वरून चुना मारतात, परंतु विष्ठेत चुना मिसळला की अमोनिया कमी होण्याऐवजी आधी जोराने बाहेर पडतो. चुना मारायचाच असेल, तर गादी काढल्यावर मोकळ्या जमिनीवर मारावा आणि मग नवे तूस पसरावे.

पाण्याचे भांडे रात्री आत ठेवू नये. कोंबडी अंधारात पाणी पीत नाही, ते फक्त सांडते. पहाटे मात्र दार उघडताच ताजे पाणी द्यावे.

बसण्याची दांडी गोल, बारीक बांबूची असेल, तर ती बदलून दोन ते तीन इंच रुंदीची चपटी लाकडी पट्टी कडा घासून बसवावी, म्हणजे पाखराची बोटे पोटाच्या पिसांखाली पूर्ण झाकली जातात. प्रत्येकाला आठ ते दहा इंच जागा धरली, तर बारा पाखरांना दहा फूट लांबीची एकच दांडी पुरते. दुसरी लावायची झाल्यास ती त्याच उंचीवर लावावी, नाहीतर वरच्या दांडीसाठी रोज भांडणे होतात.

सासूबाईंचे म्हणणे मला फार मोलाचे वाटते. डालगे कामट्यांचे विणलेले असते आणि त्याच्या प्रत्येक फटीतून हवा खेळते. पडवीमुळे वारा आणि दव अंगावर येत नाही, आणि रोज सकाळी डालगे उचलून खालची जागा झाडली जात असल्यामुळे ओल साठत नाही. आपले खुराडे याच तत्त्वावर आणायचे आहे.

शिंकणाऱ्या दोन कोंबड्या वेगळ्या ठेवा. हवा मोकळी केल्यावर चार-पाच दिवसांत त्या सावरल्या नाहीत, किंवा डोळ्याला सूज, नाकाला चिकट स्राव, श्वासाला घरघर अशी लक्षणे दिसली, तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. कोणतेही प्रतिजैविक दुकानातून आणून अंदाजाने पाण्यात टाकू नये.


कागलची लेक (मिशिगन, अमेरिका)

माहेर कागलचे असल्यामुळे हा प्रश्न वाचून लिहावेसे वाटले. आमच्या येथे जानेवारीत कित्येक रात्री तापमान उणे १५ ते उणे २० अंशांपर्यंत जाते, आणि आमच्या परसातल्या कोंबड्या लाकडी खुराड्यात कोणत्याही हीटरशिवाय राहतात. त्या प्लिमथ रॉक आणि वायनडॉट जातींच्या आहेत. अंगाने भारी, पिसांनी दाट, आणि वायनडॉटचा तुरा डोक्याला चिकटलेला, बुटका असल्यामुळे तो गोठण्याची भीती कमी असते.

येथे नव्याने कोंबड्या पाळणारी माणसे पहिल्या हिवाळ्यात खुराड्याच्या सगळ्या फटी बुजवतात, आणि त्यानंतर कोंबड्यांचे तुरे काळे पडू लागले की थंडी फार आहे असे समजून आणखी बंदोबस्त करतात. वास्तविक कोरड्या थंडीत तुरा बराच काळ टिकतो. दमट हवेतील बाष्प तुऱ्यावर आणि गळ्याखालच्या लोंबत्या मांसल गलोलांवर बसून गोठते, तेव्हा तेथील मांस मरते. म्हणून आमच्या खुराड्याच्या वळचणीखालचे झरोके सर्वांत कडक थंडीतही उघडे असतात. सकाळी खिडकीच्या काचेला आतून बर्फाची खर धरली असेल, तर झरोके कमी पडत आहेत हे कळते. आपल्या पत्र्यावरचे थेंब नेमके तेच सांगत आहेत.

उष्णतेच्या दिव्यांबद्दल एवढेच सांगते की या देशात २५० वॅटचे लाल दिवे खुराड्यात लावण्याची पद्धत आहे आणि त्यांच्यामुळे दर हिवाळ्यात कोठे ना कोठे खुराडी जळतात. दिवा निसटतो, पाखराच्या पंखाचा धक्का लागतो, किंवा धूळ साठून ती पेटते. दुसरी अडचण अशी की उबेची सवय झालेल्या पाखरांची वीज मध्यरात्री गेली, तर त्यांना अचानक वीस अंशांचा फरक सोसावा लागतो. आम्ही वीज वापरतो ती फक्त पिण्याचे पाणी गोठू नये म्हणून भांड्याखाली ठेवलेल्या तव्यासाठी, आणि कोल्हापुरात तर त्याचीही गरज नाही.

संध्याकाळी आत जाण्यापूर्वी आम्ही त्यांना मूठ-मूठ भरडलेला मका घालतो. भरल्या पोटाने त्या दांडीवर बसतात आणि रात्रभर ते दाणे पचताना अंगात ऊब तयार होत राहते. थंडीत त्या एरवीपेक्षा जास्त खातात, तेव्हा हात आखडू नये.


जोतिबा रोड

वरील सर्वांचा अनुभव मान्य करूनही माझे मत थोडे वेगळे आहे. आमच्याकडे अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्या आहेत आणि गेल्या हिवाळ्यात पहाटे बल्ब लावायला सुरुवात केल्यावर अंडी स्पष्टपणे वाढली. बल्बच्या उबेने फरक पडत नसेल, तर अंडी कशी वाढली? ताईंची तर अंड्यांचीच तक्रार आहे, त्यामुळे बल्बला सरसकट नाही म्हणणे मला पटत नाही.


निवृत्त पशुधन (कोल्हापूर)

आपले निरीक्षण अगदी बरोबर आहे. मात्र वाढ उबेने झालेली नाही, उजेडाने झालेली आहे. कोंबडीच्या अंडी देण्याच्या चक्राला दिवसाला साधारण १४ ते १६ तास उजेड लागतो. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे उजेड अकरा तासांच्या आसपासच मिळतो. उजेड डोळ्यांतून आणि कवटीतूनही मेंदूपर्यंत पोचतो आणि त्यावरून अंडाशयाला चालना मिळते. दिवस लहान झाला की ही चालना मंदावते. त्यामुळे पाच वॅटचा साधा एलईडी दिवा, ज्याला हात लावला तरी चटका बसत नाही, शंभर वॅटच्या बल्बइतकेच काम करेल.

ताईंना अंडी हवीच असतील, तर तसा एक दिवा पहाटे चार ते सात या वेळेत टायमरवर लावावा. दिवा संध्याकाळी वाढवू नये, कारण तो अचानक विझला की जमिनीवर असलेल्या पाखरांना अंधारात दांडी सापडत नाही. एकदा सुरू केल्यावर फेब्रुवारीअखेरपर्यंत वेळ चुकवू नये. मध्येच बंद केल्यास काही कोंबड्या पुन्हा पिसे झाडतात.

तथापि, माझे स्वतःचे मत विचाराल तर घरच्या कोंबड्यांना यंदा दिवा लावू नये. ज्या कोंबडीची मान ओकीबोकी झाली आहे, ती बहुधा जुनी पिसे टाकून नवी आणत आहे, आणि या काळात अंडी थांबणे स्वाभाविक असते. तरीही तिची कातडी एकदा पिसे बाजूला करून पाहा. तेथे उवा किंवा गोचीड दिसत नसतील आणि बारीक, निळसर टोके फुटत असतील, तर नवी पिसे येत आहेत. पिसांचा जवळजवळ सगळा भाग प्रथिनांचा असतो, म्हणून दीड-दोन महिने मक्याबरोबर प्रथिनांचे खाद्य वाढवावे. शेंगपेंड चालते, पण तिला बुरशीचा वास येत असेल तर एक तुकडाही घालू नये, कारण शेंगदाण्याच्या बुरशीचे विष कोंबडीचे यकृत खराब करते. थोडी सुकट कुटून घातली तर उत्तम. नवी पिसे येत असताना पाखराला उगाच हाताळू नये. कोवळी पिसे रक्ताने भरलेली असतात आणि दुखावतात.


जोतिबा रोड

उजेडाचा खुलासा पटला. आमचे बल्ब बदलून एलईडी लावतो, विजेचे बिलही कमी होईल.


प्रयागकाठ (वडणगे)

सर्वांचे मनापासून आभार. काकांनी सांगितल्याप्रमाणे पत्र्याखालची पट्टी मोकळी केली, पश्चिमेचा कागद काढला आणि वडणग्यातल्याच गिरणीतून नवे तूस आणून पसरले. पत्र्यावर आता पहाटे धुके असतानाही आतून थेंब धरत नाहीत आणि वास जवळजवळ गेला आहे. एक कोंबडी शिंकायची थांबली, दुसरीला उद्या दवाखान्यात नेत आहोत. पिसे झडलेल्या कोंबडीच्या मानेवर निळसर टोके दिसली. दिवा यंदा लावणार नाही.

आणखी एक शंका आहे. एक गावरान कोंबडी याच गारठ्यात खुडूक बसली आहे आणि सासूबाईंनी तिच्याखाली अंडी ठेवली आहेत. पिल्ले जानेवारीत निघतील. त्यांनाही ऊब द्यायची नाही का? आणि मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस पिल्लांना कधी द्यावी?


निवृत्त पशुधन (कोल्हापूर)

पिल्लांचा नियम पूर्ण वेगळा आहे, आणि हे आपण विचारले हे फार चांगले झाले. पिल्लाला पहिले पाच-सहा आठवडे स्वतःची ऊब राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याला सुमारे ३५ अंश ऊब लागते आणि पुढे दर आठवड्याला ती साधारण तीन अंशांनी कमी करत न्यायची असते. खुडूक कोंबडी आई म्हणून चांगली असेल, तर हे सगळे काम ती पंखाखाली करते. आपण फक्त तिला आणि पिल्लांना मोठ्या पाखरांपासून दूर, पडवीत, कोरड्या तुसावर डालग्याखाली ठेवावे आणि रात्री डालग्यावर वाऱ्याच्या बाजूने अर्धे गोणपाट टाकावे, वरचा भाग मोकळा ठेवावा. एका गावरान कोंबडीच्या पंखाखाली थंडीत आठ-दहा पिल्ले नीट मावतात. त्याहून अधिक अंडी ठेवली असतील, तर कडेच्या पिल्लांना गारठा लागतो.

आईने पिल्ले सोडली किंवा ती मेली, तरच बल्ब लावावा. तो घरात, नजरेसमोर, तारेने पक्का बांधून, खोक्याच्या एका बाजूला लावावा, म्हणजे पिल्लांना उबेकडे किंवा उबेपासून दूर जाता येते. सगळी पिल्ले बल्बखाली एकमेकांवर चढून चिवचिवत असतील तर ऊब कमी आहे, लांब जाऊन चोच उघडून धापत असतील तर जास्त आहे, आणि खोकाभर पसरून निवांत खात असतील तर योग्य आहे.

मानमोडीची पहिली लस, लासोटा, पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देतात आणि चौथ्या आठवड्याच्या सुमारास ती पुन्हा देतात. पिल्ले आठ-दहा आठवड्यांची झाल्यावर त्याच रोगाची आर-टू-बी ही लस टोचून घ्यावी. आपल्या मोठ्या कोंबड्यांना ती दिली नसेल, तर शिंकणारी कोंबडी पूर्ण बरी झाल्यावरच द्यावी, आजारी पाखराला लस टोचू नये. लसीची बाटली साधारण शंभर पाखरांची असते आणि द्रावणात मिसळल्यावर दोन तासांच्या आत संपवावी लागते. म्हणून गल्लीतल्या चार-पाच घरांनी एकच सकाळ ठरवून बाटली आणावी, दवाखान्यातून घरापर्यंत ती बर्फात ठेवावी आणि उन्हे चढण्यापूर्वी सगळ्यांच्या कोंबड्यांना लस द्यावी. आदल्या संध्याकाळी पाखरे खुराड्यात गेल्यावर दार लावून ठेवले, म्हणजे सकाळी परसात धावाधाव करावी लागत नाही.